चार इंच उंच जीप

आमच्या महाविद्यालयात अकरावीला बलांचे संतुलन शिकवायची वेळ आली, की भिंतीला टेकवलेली शिडी हमखास येते. शिडी, तिच्यावर चढलेला माणूस, जमिनीचे घर्षण, भिंतीची प्रतिक्रिया. वर्षानुवर्षे तीच शिडी आणि तोच माणूस. यंदा ती शिडी फळ्यावर काढत असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला : "मॅडम, माझा मोठा भाऊ जीप चार इंच उंच करून घेतोय, मोठे टायर बसवायला. कळंबोलीला एक जण स्वस्तात करून देतो म्हणे. एवढ्या थोड्या पैशांत जर गाडी चांगली होत असेल, तर कंपनीच ती तशी का बनवत नाही?"

वर्ग हसला. मला मात्र हा प्रश्न शिडीपेक्षा पुष्कळ चांगला वाटला आणि आजही वाटतो. त्याचे उत्तर तेव्हा मी अर्धेच दिले, तास संपला. उरलेले येथे देत आहे, आणि त्याबरोबर माझे मतही. मत आधीच सांगून टाकते : ज्या जीपमधून घरची माणसे घाटातून ये-जा करतात, ती जीप स्वस्तात चार इंच उंच करू नये. पण "करू नये" एवढ्याने विद्यार्थ्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून हिशेब मांडू.

प्रथम या गाडीविषयी थोडे. आपल्याकडे जीप आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. विलिस या अमेरिकन कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. पुढे 'सीजे-३बी' हे तिचे रूप कित्येक दशके आपल्या रस्त्यांवर राहिले. पाटबंधारे खात्याचा अभियंता, तहसीलदार, साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी, निवडणुकीतला उमेदवार, सगळे याच गाडीतून फिरले. २०१० साली त्याच घराण्यातली 'थार' आली आणि २०२० साली तिची नवी, पूर्ण बदललेली आवृत्ती. आज नवी मुंबईत पाम बीच रस्त्यावर रविवारी सकाळी उभे राहा. उंच केलेल्या, जाड दातेरी टायरांच्या जीपगाड्या ओळीने दिसतील. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या टायरांना चिखल कधी लागलेला नसतो, हे जवळून पाहिले म्हणजे कळते. असो.

आमच्या विद्यार्थ्याच्या भावाची जीप जुन्या घडणीची आहे. पुढे एक आणि मागे एक असा अखंड आस, म्हणजे मेकॅनिकच्या तोंडचे एक्सल. प्रत्येक आसावर दोन बाजूंना पोलादी पाट्यांच्या कमानी, आणि त्या कमानींवर गाडीचा सांगाडा. ही रचना समजली, की पहिली गंमत लक्षात येते.

जीपच्या पोटाखाली सर्वांत खाली काय असते? सांगाडा नव्हे. आसाच्या मध्यावरचा तो फुगीर गोळा, ज्यात डिफरन्शिअलची दातेरी चाके असतात. चाकोरीच्या मधला दगड आपटतो तो प्रथम तेथे. आता कमानींची उंची चार इंचांनी वाढवली, तर काय वर जाते? कमानींच्या वरचे सगळे : सांगाडा, इंजिन, आसने, माणसे. आस चाकांना जोडलेला असल्यामुळे तो होता तेथेच राहतो. म्हणजे कमानी कितीही उंच करा, गोळ्याखालची मोकळी जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही!

ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही निम्म्याने. मूळ ६.००-१६ मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ७३ सेंटिमीटर. भावाला बसवायचे आहेत ३१ इंची, म्हणजे सुमारे ७९ सेंटिमीटरचे. व्यास ६ सेंटिमीटरने वाढला, त्रिज्या ३ ने. गोळा ३ सेंटिमीटर वर गेला. गाडीचे शरीर मात्र कमानींचे १० आणि टायरचे ३, असे १३ सेंटिमीटर वर गेले. तीन सेंटिमीटरांसाठी तेरा! हा व्यवहार बाजारात कोणी केला तर घरचे त्याला दुसऱ्यांदा बाजारात पाठवणार नाहीत.

पण एकतर्फी बोलणे बरे नाही. उंच शरीराचेही फायदे आहेत. मोठे टायर वळताना आणि खड्ड्यात मडगार्डला घासत नाहीत. बांधावर चढताना पुढचे नाक टेकत नाही. दोन चाकांच्या मधला उंचवटा पोटाला लागत नाही. आणि मोठ्या चाकाचा स्वतःचा असा एक गुण आहे, तो तुमच्या आजोबांना बैलगाडीमुळे ठाऊक होता. चाकापुढे १५ सेंटिमीटर उंचीची पायरी आली, तर चाकाला त्यावर ओढून नेण्यासाठी आसाशी आडवे बल किती लागेल? पायरीच्या कडेभोवती परिबले घेतली की उत्तर मिळते, घरी करून पाहा. ३६.५ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे १.३७ पट बल लागते. ३९.५ त्रिज्येच्या चाकाला सुमारे १.२६ पट. आणि बैलगाडीच्या चाकाची त्रिज्या ७० सेंटिमीटर धरली, तर फक्त ०.७९ पट. गाडीवाल्या सुतारांनी चाक माणसाच्या छातीएवढे का केले, ते या तीन आकड्यांत दिसते. तेव्हा मोठ्या टायरची इच्छा मूर्खपणाची नाही. पण भावाला मिळणारा फायदा आठ टक्क्यांच्या आतला आहे, आणि त्याची वसुली दुसरीकडून होते.

ती कोठून, ते पाहू.

टायरची त्रिज्या वाढली की इंजिनाच्या त्याच परिबलाला, गॅरेजमधल्या भाषेत टॉर्कला, जमिनीवर कमी बल मिळते. कारण परिबल भागिले त्रिज्या म्हणजे बल. ३६.५ भागिले ३९.५ करा. साडेसात टक्क्यांची घट. जो चढ चढण्यासाठी मोठा टायर आणला, त्याच चढावर ओढ कमी झाली. ब्रेकचेही तसेच, पायाचा जोर तोच, पण जमिनीवरचे रोधक बल साडेसात टक्क्यांनी कमी. शिवाय नवा टायर जड, आणि त्याचे वस्तुमान आसापासून दूर, कडेला. फिरणारी वस्तू थांबवायला लागणारे श्रम अंतराच्या वर्गाने वाढतात, हे तुम्हाला बारावीत भेटेल.

वेगदर्शकाची फसगत तर सर्वांत सोपी. तो चाकाचे फेरे मोजतो, अंतर नव्हे. काटा ६० वर असताना गाडी खरोखर ६५ ने धावत असते. त्याच कारणाने किलोमीटर कमी नोंदले जातात आणि मालक म्हणतो, "टायर बदलल्यापासून गाडी ॲव्हरेज कमी देते." त्यातली निदान आठ टक्के तक्रार खोटी असते. बाकीची खरी.

आता कमानी. स्वस्तात उंची मिळवण्याच्या तीन युक्त्या आहेत. पहिली, कमानीचे एक टोक ज्या झुलत्या पट्टीला लटकते ती शॅकल लांब करणे. येथेही निम्म्याचा नियम आहे. कमानीचे एक टोक पक्के आणि दुसरे टोक खाली सरकले, तर मधोमध बसवलेला आस निम्माच खाली सरकतो. दोन इंच उंचीसाठी चार इंच लांब शॅकल. पण कमान एका टोकाने खाली झुकली की तिच्यावर बसवलेला आसही थोडा फिरतो. पुढच्या आसाला हे फिरणे महागात पडते. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी हँडल सरळ राहू पाहते. जीपच्या पुढच्या चाकांनाही तसाच थोडा कल दिलेला असतो. आस फिरला की तो कल घटतो, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपण होऊन सरळ येईनासे होते. अशा एका जीपमधून मी स्वतः एकदा बोरघाट उतरले आहे. चालवणारे गृहस्थ अनुभवी होते, गप्पाही मारत होते. पण त्यांचे दोन्ही हात सतत लहान लहान दुरुस्त्या करत होते, जणू गाडी नव्हे, खोडकर वासरू दोरीने धरले आहे. खोपोली येईपर्यंत मी गप्पांत भाग घेऊ शकले नाही.

दुसरी युक्ती, पाटा वाढवणे. ही आपल्याकडे जुनी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापवाल्यांनी माणसे जास्त बसतात म्हणून पाटे वाढवले, ट्रकवाल्यांनी माल जास्त भरतो म्हणून. त्यांचा हेतू भार पेलण्याचा होता आणि त्यापुरता तो समजण्यासारखा होता. उंचीसाठी पाटा वाढवणे ही वेगळी गोष्ट. समजा, कमान भाराखाली १० सेंटिमीटर दबते. चार पाट्यांत तसाच पाचवा घातला, तर ताठपणा सव्वापट होतो आणि दबणे ८ सेंटिमीटरवर येते. मिळाले काय? दोन सेंटिमीटर. गेले काय? ते महत्त्वाचे आहे, म्हणून जरा थांबू.

घरातले चार पायांचे स्टूल ओबडधोबड अंगणात ठेवा. ते डगमगते; एक पाय नेहमी अधांतरी असतो. तिवई ठेवा, डगमगत नाही. जीपला पाय चार, आणि अंगण म्हणजे सह्याद्रीची वाट. तरी तिचे चारही पाय जमिनीवर राहतात, कारण कमानी लवचीक असतात; एक चाक वर, दुसरे खाली, असे त्या मुरडतात. पाटे वाढवून कमानी ताठ केल्या, की जीपचे पुन्हा स्टूल होते. एक चाक हवेत. आणि साध्या डिफरन्शिअलची खोड अशी, की आसाच्या एका बाजूचे चाक मोकळे झाले तर ते नुसते गरगर फिरते, आणि दुसऱ्या बाजूच्या, जमिनीवर टेकलेल्या चाकाला जवळजवळ काहीच बल मिळत नाही. परिणामी डोंगर चढण्यासाठी केलेली दुरुस्ती डोंगर चढण्याची शक्तीच काढून घेते. आसाची उंची, इंजिनाची ताकद, टायरचे दात या सगळ्यांच्या आधी चाक जमिनीवर असणे येते, आणि नेमके ते फोटोत दिसत नाही.

तिसरी युक्ती, जुनेच पाटे ठोकून त्यांची कमान वाढवून घेणे, किंवा आस आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. पाटे गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवले, तर पोलादाला कारखान्यात काळजीपूर्वक दिलेले पाणी उतरते. अशी कमान काही दिवस छान उंच दिसते, मग बसते, किंवा तुटते. ठोकळ्याची गोष्ट अशी, की आस आणि कमान यांच्यातले अंतर वाढल्याने ब्रेक लावताना व वेग घेताना कमानीला पिळणारे परिबलही वाढते. मागच्या आसावर एक वेळ चालून जाईल. पुढच्या, वळणाऱ्या आसावर ठोकळा घालणारा मेकॅनिक भेटला, तर तेथून गाडी घेऊन निघावे हे उत्तम. आणखी एक. आस खाली लटकला की ब्रेकच्या तेलाची रबरी नळी ताणली जाते. चार इंच उंच करणाराने ती नळी लांबीला पुरते का, हे पाहिलेच पाहिजे. स्वस्त कामात नेमकी हीच गोष्ट राहून जाते, कारण सपाट रस्त्यावर ती पुरते. खड्ड्यात चाक पूर्ण लटकते, तेव्हा पुरत नाही.

नव्या थारमध्ये ही रचना बदलली आहे. पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि कमानींऐवजी सर्वत्र गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. त्यामुळे तेथे शॅकल-पाट्याचा प्रश्न येत नाही. पण स्प्रिंगेखाली चकती घालून उंची वाढवली, की पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे त्यांच्या सांध्यांत जास्त तिरपे होतात आणि सांधे लवकर झिजतात. कंपनीने या गाडीला मुळातच २२६ मिलिमीटरची मोकळी जागा आणि ४१ अंशांहून मोठा चढणकोन दिला आहे. एवढ्याने ज्याचे भागत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. भागत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

गाडी वळणावर वेगात असताना तिच्या बाबतीत दोन गोष्टी घडू शकतात. एक, टायरची पकड सुटून ती घसरते. दोन, आतल्या बाजूची चाके उचलून ती उलटते. यांतले आधी काय घडेल, हे दोन आकड्यांच्या तुलनेवर ठरते. पहिला आकडा घर्षणांक; कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ०.८ च्या आसपास धरता येतो. दुसरा आकडा गाडीच्या आकाराचा : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग, भागिले गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. अमेरिकेतली रस्ते-सुरक्षा संस्था २००१ सालच्या मॉडेलांपासून उलटण्याच्या धोक्याचे मानांकन करते. त्यासाठी तिने हाच साधा भागाकार आधाराला घेतला. ठेंगण्या मोटारींसाठी तो १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांसाठी १ ते १.३. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर गाडी आधी घसरेल. लहान असेल तर घसरण्याआधी उलटेल.

सीजे-३बी ही अरुंद गाडी. चाकांमधील अंतर सुमारे १.२३ मीटर, निम्मे ०.६१५. चार माणसे बसलेली असताना गुरुत्वमध्य ६६ सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरू. भागाकार ०.९३. हा ०.८ हून मोठा आहे. म्हणजे चुकून जोरात वळले तर जीप घसरेल, टायर ओरडतील, चालवणारा घाबरून वेग कमी करील. आता तीच जीप उंच केली. शरीर १३ सेंटिमीटर वर गेले, चाके व आस फक्त ३ सेंटिमीटर. सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे १२ सेंटिमीटर वर गेला, ७८ वर. भागाकार ०.७९. तो ०.८ च्या खाली आला!

येथे आकड्यातला फरक लहान आहे, पण त्याने आकड्याची बाजू बदलली आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर मूळ जीप ताशी सुमारे ४५ किलोमीटरला घसरली असती आणि उलटायला साडेअठ्ठेचाळीसपर्यंत जावे लागले असते. त्या दोहोंमधले साडेतीन किलोमीटर हा चालवणाऱ्याला मिळालेला इशारा होता. उंच जीपमध्ये उलटण्याचा वेग पंचेचाळीसच्या किंचित खाली आला. इशारा संपला. शिवाय आपण जीप ठोकळ्यासारखी ताठ मानली. प्रत्यक्षात ती वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, टायर दबतात, आणि हा वेग आणखी खाली येतो. वेगदर्शक तेव्हा काय दाखवत असतो, तेही आठवा : खरे ४५ असताना तो ४२ च्या पुढे जात नाही. पावसात घर्षणांक बराच उतरतो आणि दोन्ही जीपगाड्या आधी घसरतातच; म्हणून उंच जीपचा हा विशेष धोका, चमत्कारिक वाटेल, पण कोरड्या, चांगल्या रस्त्यावरचा आहे.

यावर गॅरेजवाला म्हणेल, "मग चाके बाहेर काढू, रुंदी वाढेल." बरोबर आहे, रुंदी वाढेल. पण मूळचा ०.९३ परत मिळवायला प्रत्येक बाजूचे चाक ११ सेंटिमीटर बाहेर काढावे लागेल. तेवढ्याने बेअरिंगवरचा भार कोठे जातो, हे तरफेचा नियम शिकलेल्या कोणालाही सांगता येईल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. रिकामी काडेपेटी घ्या. तिच्या एका टोकाला कापसात गच्च दाबून तीन-चार नाणी बसवा, अशी की ती हलणार नाहीत. नाणी खाली येतील अशी पेटी उभी करून एका गुळगुळीत फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक सावकाश उचला. पेटी घसरेल. आता तीच पेटी उलटी करा, नाणी वर. फळी उचला. पेटी कोलमडेल, आणि तेही कमी कोनाला. वजन तेच, तळ तेवढाच, फळी तीच. फक्त गुरुत्वमध्य हलला. मग फळीवर पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही प्रयोग पुन्हा करा आणि पाहा, नाणी खाली असलेल्या पेटीचे आता काय होते. शिक्षकांना माझी विनंती आहे, की शिडीला एक वर्ष सुट्टी द्यावी आणि ही काडेपेटी वर्गात आणावी. शिडीवर चढण्याचा प्रसंग आमच्या मुलांवर क्वचित येतो. उंच गाडीत बसण्याचा रोज येतो. भरलेली सहा आसनी रिक्षा, टपावर सामान लादलेली जीप, उसाची ट्रॉली, या सगळ्यांचे गणित तेच आहे. पाठ्यपुस्तकात ते सापडत नाही याचे मला वाईट वाटते.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न. कंपनी असे का करत नाही? कंपनीला पैसे वाचवायचे असतात हे खरे. पण चार इंच लांब शॅकल ही काही महाग वस्तू नाही. खरे कारण असे, की कंपनी ती जीप एका माणसाला एका डोंगरासाठी विकत नाही. तीच जीप सहा माणसे व प्रसादाच्या पिशव्या घेऊन जेजुरीला जाणार, तीच द्रुतगती मार्गावर धावणार, तीच नवशिक्याच्या हाती लागणार. ब्रेक, स्टिअरिंग, कमानी, टायर यांची मापे एकमेकांकडे पाहून ठरवलेली असतात, आणि गाडी विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तिच्या चाचण्या होतात. नव्या गाड्यांतली तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणासुद्धा मूळ उंची आणि मूळ टायर गृहीत धरूनच जुळवलेली असते. यांतले एक माप आपण बदलले की बाकीची मापे तशीच उभी राहतात, जुन्या नात्याने.

कायद्याचाही शब्द आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले. मी भौतिकी शिकवते, कायदा नव्हे. पण अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस प्रथम टायरचे माप पाहतो, हे समजायला वकील लागत नाही.

मग हौस असलेल्याने काय करावे? सर्वांत स्वस्त उपाय टायरच्या तोंडाशी आहे, वाल्व्हमध्ये. एका चाकावर ८०० पौंड भार असेल आणि हवेचा दाब दर चौरस इंचाला २५ पौंड असेल, तर जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस इंच. हवा १६ पौंडांवर आणली, की ५०. चिखलात व वाळूत पकड दीडपट, खर्च शून्य. टायरच्या बाजूंचा ताठपणाही काही भार पेलतो, त्यामुळे हिशेब अगदी काटेकोर नाही. पण दिशा बरोबर आहे. डांबरावर परत येण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणून सोबत पंप हवा. पंप, फावडे, भक्कम दोर, सोबत दुसरी जीप, आणि कंपनीने त्या मॉडेलसाठी सांगितलेल्या मापांत चांगल्या दातांचे टायर. यावर पैसे खर्च करून उरले, तर गाडी चालवण्याच्या शिकवणीवर. अडलेल्या जीपमधून उतरून चाकांपुढची वाट पायांनी तुडवून येणारा चालक बहुतेक वेळा सुटतो. खरेच उंची हवी असेल, केवळ डोंगरासाठी वेगळी गाडी असेल आणि ती ट्रेलरवरून तेथे नेणार असाल, तर तो वेगळा विषय. पण मग ते स्वस्तातले काम राहत नाही.

हे सगळे त्या मुलाने भावाला सांगितले. भाऊ म्हणाला, "तुझ्या मॅडमनी गुरुत्वमध्य ६६ सेंटिमीटर धरला. धरला म्हणजे काय? मोजला का?"

हा प्रश्न मला फार आवडला. मोजलेला नव्हता. मोजता मात्र येतो, तराजू मोठा हवा. जीपची पुढची चाके वजनकाट्यावर ठेवून वजन घ्यायचे. मग मागची चाके ठराविक उंचीवर उचलून पुढच्या चाकांवरचे वजन पुन्हा घ्यायचे. ते वाढते, आणि गुरुत्वमध्य जितका उंच, तितके जास्त वाढते. वाढलेले वजन गुणिले पुढच्या-मागच्या आसांतील अंतर, भागिले एकूण वजन आणि कलाच्या कोनाचा टॅन. या उत्तरात चाकाची त्रिज्या मिळवली की झाली उंची. कमानी दबू नयेत म्हणून आस आणि सांगाडा यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालावे लागतात, पुढच्या चाकांना भक्कम अटकाव लागतो, आणि हे मोठ्या माणसांनीच करायचे काम आहे. उचललेल्या गाडीखाली कोणी वाकायचेही नाही.

दोघे भाऊ मेकॅनिकला घेऊन एका रविवारी कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळच्या काट्यावर गेले. रिकामी जीप, एकूण वजन १,२०० किलो. आसांतील अंतर २.०३ मीटर. मागची चाके ओंडक्यांच्या उतरंडीवर ५० सेंटिमीटर चढवली. पुढचे वजन ४० किलोंनी वाढले. मुलाने वहीत उत्तर काढून आणले : ६३ सेंटिमीटर. चेहऱ्यावर विजय होता. मी विचारले, "काटा किती किलोंच्या टप्प्याने वाचतो?" दहा किलोंच्या. ट्रकांचा काटा तो. मग त्यालाच वाढ ३० धरून आणि ५० धरून दोन्ही हिशेब करायला सांगितले. एकदा ५६ आले, एकदा ७०.

तो बराच वेळ वहीकडे पाहत बसला. मग म्हणाला, ५० सेंटिमीटर कमी पडले, १०० उचलायला हवे होते, वाढ दुपटीहून जास्त आली असती. पण १०० सेंटिमीटर उचलायला मेकॅनिक तयार नाही, आणि मीही नाही. सध्या तो पाच किलोंच्या टप्प्याचा काटा कोणाकडे आहे याची तळोजा एमआयडीसीत चौकशी करतो आहे. शॅकल अजून जुनीच आहे.